बोअर कोणता?

'बोअर' हा शब्द आमच्या राळेगावात तिहेरी राबतो. एक बंदुकीच्या नळीचा बोअर. दुसरा हरभऱ्यात शिरतो तो बोअर, म्हणजे कॉन्व्हेंटात शिकलेल्या नातवंडांचं रानडुक्कर. आणि पहिल्यानं दुसऱ्याला कसं मारावं यावर पानठेल्यावर जी चर्चा चालते, ती ऐकणाऱ्याला होतं ते बोअर. (पाण्यासाठी जमिनीत मारतात तो चौथा. पण त्याला पाणी लागत नाही, म्हणून हिशेबात धरला नाही.)

या चर्चेचा एक अलिखित नियम आहे. ज्याच्याकडे बंदूक आहे तो बोलत नाही, आणि ज्याच्या शेतात डुक्कर येतं तो तिथं नसतो, कारण तो जागलीला गेलेला असतो. उरतात ते तज्ज्ञ. आमच्या ठेल्यावर एक वकीलसाहेब आहेत, एक रिटायर्ड कंपाउंडर आहेत, रस्त्याची कामं घेणारा एक ठेकेदार आहे आणि अस्मादिक. तीस वर्षं भूगोल शिकवला, तेव्हा कशावरही बोलायला मी मोकळा आहे. वकीलसाहेब १२ बोअरचे. कंपाउंडर म्हणतात, जखम कशी होते हे मी पाहिलंय, तुम्ही नाही. म्हणून त्यांना सगळेच बोअर नामंजूर. ठेकेदार आणि मी मात्र 'तीनशे पंधरा'चे कट्टर.

कट्टर का? तर आकडा मोठा म्हणून. आता लाज वाटते सांगायला, पण १२ पेक्षा ३१५ मोठा यापलीकडे माझ्याजवळ पुरावा नव्हता. पुढं वाचलं तेव्हा कळलं की १२ बोअर म्हणजे त्या नळीत बरोबर बसतील अशा शिशाच्या १२ गोळ्या केल्या तर त्यांचं वजन एक पौंड भरतं. म्हणजे आकडा जितका लहान तितकी नळी मोठी! आणि ३१५ हे मुळात ३१५ नव्हेच. ते आहे दशांश चिन्ह तीन एक पाच, आणि तेही इंच. म्हणजे आठ मिलिमीटर, आपल्या करंगळीहून बारीक. म्हणजे आम्ही इतकी वर्षं शेर आणि हात एकमेकांतून वजा करत होतो.

बरं, निवड करणार कोण? तुम्ही म्हणाल, शिकारी. छे. ३०३ किंवा ७.६२ हे फौजेचे बोअर; ते साध्या परवान्यावर मिळत नाहीत. ३१५ आला तोच त्यामुळे. फौजेचं काडतूस रयतेच्या बंदुकीत बसू नये म्हणून इंग्रजांनी ही वेगळ्या मापाची व्यवस्था इथं रुजवली. इंग्रज गेला, माप राहिलं, आणि आपले कारखाने ते अजून बनवतात. तेव्हा आपण ज्याला 'पसंती' म्हणतो ती साहेबाच्या भीतीतून उरलेली आहे.

तरी आमच्या ठेल्यावर कॉर्बेट निघायचाच. ठेकेदार म्हणायचा, कॉर्बेटकडे मोठी रायफल होती. वकीलसाहेब म्हणायचे, १९२६ साली रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या त्यानं मारला तो २७५नं, म्हणजे तुमच्या ३१५पेक्षाही बारीक. आणि १९०७ साली कुमाऊंतल्या चंपावतच्या वाघिणीसमोर त्याच्या स्वतःच्या रायफलीची काडतुसं संपली, तेव्हा शेवटी धावून आली ती तहसीलदाराकडून उसनी घेतलेली बंदूक, आणि तीसुद्धा धड नव्हती. तहसील कचेरीतून एखादी वस्तू मागितल्याबरोबर मिळाल्याचा हा दाखला आमच्या ठेल्यावर फार आदरानं ऐकला जाई.

यात अमेरिकेची भर पडली. माझा भाचा तिकडे असतो. त्याच्या शेजाऱ्याला कायोटी मारायचा शौक. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा तिकडचा चुलतभाऊ. तिथं २२३ बरा की २२-२५० बरा यावर माणसं दिवसभर बोलतात म्हणे. हलकी, भरधाव गोळी घेतात. ती जनावराला किंवा जमिनीला लागली की आतल्या आत फुटते, उसळी मारून पुढं जात नाही. हे ऐकून ठेकेदाराला २२३ हवी झाली. तेव्हा वकीलसाहेबांनी एकच विचारलं, "तिकडं गोळी चुकली तर जाते कुठं?" भाच्यानं कळवलं होतं की तिकडं मैलोनमैल माणूस दिसत नाही. आमच्याकडं मचाणावरून हाक मारली तर तीन धुऱ्यांवरून ओ येते. (आणि आपला कोल्हा बिचारा शेतातले उंदीर खातो. त्याला मारायचं तर आधी उंदरांची संमती घ्यावी.)

२०१८ साली तर सगळा तालुकाच तज्ज्ञ झाला. टी-वन वाघीण, जिला पुढं अवनी म्हणू लागले, तिच्या नावावर १३ माणसांचे बळी मांडले गेले होते. तिच्यासाठी आमच्या रानात काय आलं नाही? हत्ती आले, परदेशी जातीची कुत्री आली, पॅराग्लायडर आले, वास लावून बोलावण्यासाठी विलायती अत्तर आलं. ज्या गावात आपण लग्नालासुद्धा अत्तर मोजून लावतो तिथं ते झाडाझुडपांना लागलं. २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीच्या रानात ती गोळीनं मेली. मग डार्ट आधी की गोळी आधी, यावर दिल्लीपर्यंत वाद पेटला. आम्ही मात्र ठेल्यावर रायफल कोणती होती यावर रात्री बारापर्यंत. तेरा घरांतल्या माणसांची नावं आमच्यापैकी एकालाही धड सांगता आली नसती. हे तेव्हा लक्षात आलं नाही. आलं ते नंतर, आणि फार जवळून.

आमचं वडिलोपार्जित सात एकर धाकटा भाऊ पाहतो. त्या वर्षी माघात हरभरा असा आला होता की पाहत राहावं. डुकरांनीही पाहिला. एका रात्रीत पाव एकर नांगरल्यासारखं केलं. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे. पण उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराबाबत लेखी परवानगीची एक खिडकी त्यात ठेवलेली आहे. भाऊ त्या खिडकीशी किती दिवस उभा होता ते तो सांगत नाही. परवानगी आली. घरात आजोबांच्या वेळची १२ बोअर आहे, तिचा परवाना भावाच्या नावावर. तो म्हणाला, "दादा, मी मचाणावर बसतो, खाली आलं की हाणतो." मी म्हणालो, "अरे, त्या भरमाराच्या बहिणीनं काय होणार? रायफल आणू." ठेकेदारानं ओळखीतला एक पाहुणा आणला. ३१५, वर दुर्बीण, खाली बूट. मला तर डुकराची कीव आली.

पहाटे, तांबडं फुटायच्या आधी, डुकरं नाल्याकडं परतायला निघाली. आमचं शेत खोलगट, पलीकडं जमीन चढत जाते. पाहुणे धुऱ्यावर गुडघा टेकून बसले. मी त्यांच्या मागं, शाल गुंडाळून, जणू मीच नेम धरलाय. गोळी सुटली. डुक्कर हललं नाही असं एक क्षण वाटलं. मग ते इतकं हललं की दिसेनासं झालं. आणि वर, चढावरून, आवाज आला. टण्ण.

तिथं शेजारच्या बाबाजींचं मचाण आहे.

त्यानंतर जे शांत झालं, तेवढं शांत मी आयुष्यात ऐकलेलं नाही. भाऊ पऱ्हाटीच्या ओळी तुडवत पळाला. मी वयाप्रमाणं पळालो. पाहुणे जागचे हलले नाहीत. आम्ही खाली पोचतो तोच वरून घोंगडी सरकली आणि आवाज आला, "कोन हाय बे? माह्या पिप्याले गोया काहून मारून रायले?"

मला बोलवेना. भाऊ म्हणाला, "बाबाजी, लागलं तं नाही नं?"

"मले कायले लागते? मी झोपलो होतो. डुक्कर पडलं का?"

"नाही, गेलं."

"मंग मले उठवलं कायले, राजेहो!"

बाबाजींचा तेलाचा रिकामा पिपा मचाणाच्या खांबाला टांगलेला असतो, बसल्या माणसाच्या डोक्याइतका उंच. रात्रभर तो बडवून ते डुकरं हाकलतात. त्याला आरपार भोक पडलं होतं. आठ रात्री ते जागे होते. नवव्या पहाटे जरा डोळा लागला म्हणून आडवे झाले. इमानानं जागत बसले असते तर आज मी हा लेख लिहीत नसतो. काय करत असतो, ते लिहवत नाही.

म्हणून आता मी पक्ष बदलला आहे, आणि पक्ष बदलणाऱ्याच्या नेहमीच्या तावातावानं सांगतो. बोअर डुकराकडं पाहून निवडायचा नसतो. डुकराच्या पलीकडं काय आहे ते पाहून निवडायचा असतो. ३१५ची गोळी डुकरापाशी थांबायला बांधलेली नाही. ती चुकली की शिवार ओलांडून कुणाच्या घरात जाईल ते तिलाही ठाऊक नसतं. १२ बोअरच्या छऱ्यांचा दम पन्नास पावलांत सरतो, याला आम्ही उणेपण समजत होतो. आमच्या दाट शिवारात तोच तिचा गुण. आणि नेम मचाणावरून खाली असावा, म्हणजे जे चुकेल ते काळ्या मातीत जाईल. माती सगळं पोटात घालते. तिला सवय आहे.

ठेकेदार म्हणतो, हलक्या बंदुकीनं जनावर जखमी होऊन पळतं, तडफडतं, माणसावर उलटतं. खरं आहे. कंपाउंडरही मान हलवतात. पण त्याला उत्तर मोठा बोअर नव्हे, जवळ येईपर्यंत थांबणं हे आहे, आणि जवळ आलं नाही तर न मारणं. तीनशे पावलांवरून मारायची हौस असेल तर ती शिकार झाली, राखण नव्हे. आणि शिकार बंद आहे. थेट लाइनची तार शेताला लावणाऱ्यानं तर बोअरचा प्रश्नच निकालात काढलेला असतो. ती तार डुक्कर, बैल आणि धुऱ्यावरून येणारा सख्खा भाऊ यांत फरक करत नाही. हौशी पाहुणा आणि ती तार यांत मला आता फारसं अंतर दिसत नाही.

भावानं पुढल्या हंगामात झटका मशीन बसवलं, भोवती घरातली जुनी लुगडी बांधली. डुकरं कमी झाली, संपली नाहीत. १२ बोअर खुंटीला आहे. मी बाबाजींना नवा पिपा नेऊन दिला, चांगला जाड पत्र्याचा. त्यांनी तो धान्याला ठेवला. म्हणाले, "जुन्याचा आवाज आता चांगला फाटका येते, मास्तर. डुक्कर भेते त्याले."

ठेल्यावर अजून बोअरची चर्चा चालते. रात्री वारा तिकडून असला की गावापर्यंत तो फाटका आवाज येतो. आला की मी पान अर्धं टाकून घरी निघतो. ठेकेदार विचारतो, "काय मास्तर, बोअर झाले का?"


मी हो म्हणतो.