पाळण्यातली गर्दी

15 ते 21 नोव्हेंबर हा देशभर नवजात शिशू सप्ताह. मीरा-भाईंदरमध्येही या दिवसांत स्तनपान, वजन, लसीकरण यांवर बोललं जाईल. बाळ निजतं कसं, हेही विचारायला हवं.

बारशाला आलेलं सगळं पाळण्यात मांडायची आपल्याला भारी हौस. डोकं गोल व्हावं म्हणून राईची उशी, दोन्ही अंगांना लोड, खाली मऊ गादी, वर गोधडी, शिवाय कापसाचं अस्वल. पण झोपेत हीच सजावट धोक्याची ठरू शकते. ठणठणीत बाळ झोपेतच जातं आणि शवविच्छेदनातही कारण सापडत नाही, असे मृत्यू बहुतांशी पहिल्या सहा महिन्यांतले. त्यातही दुसरा ते चौथा महिना अधिक जोखमीचा. तोंडावर आलेली उशी सारायचं बळ त्या वयात नसतं. म्हणून बाळ पाठीवर, सपाट आणि टणक गादीवर, तोंड उघडं ठेवून निजवायचं. बाकीचं सामान कपाटात. अमेरिकेत 1994 मध्ये पाठीवर निजवण्याची मोहीम सुरू झाली आणि काही वर्षांत हे मृत्यू निम्म्याने घटले. ना औषध, ना यंत्र.

‘उताणं निजवलं तर दूध श्वासात जाईल’, ही आजीची धास्ती. पण पाठीवर असताना श्वासनळी अन्ननळीच्या वरच्या बाजूला राहते. गुळणी आली तरी ती सहसा श्वासात उतरत नाही. पालथ्या बाळाचं नेमकं उलट.

बाळ आईच्याच खोलीत, पण वेगळ्या अंथरुणात असावं, असं डॉक्टर सांगतात. वन रूम किचनमध्ये पहिली अट आपसूक पुरी होते, दुसरी अवघड. ब्रिटनमधल्या दक्षिण आशियाई घरांत बाळं आईजवळ निजूनही असे मृत्यू कमी आढळले, त्याचं एक कारण म्हणजे त्या घरांतल्या आया सहसा सिगारेट-दारूपासून लांब असतात. तेव्हा आईला उगाच दटावू नये. मात्र बाप घरात सिगारेट ओढत असेल, पिऊन शेजारी आडवा होत असेल, तर हा दिलासा त्या घराला लागू नाही. आणि विरार लोकलमधून दमून आल्यावर बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर डुलकी काढणं तर सगळ्यांत धोक्याचं.

आशाताईंच्या नवजात बाळासाठीच्या गृहभेटी 42 व्या दिवशी संपतात. जोखमीचा बराचसा काळ त्यानंतरचा. पण सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्यात बाळ लसीसाठी केंद्रावर येतंच. महापालिकेने तिथल्या सिस्टरना एवढंच सांगावं: सुई टोचण्याआधी विचारा, बाळ कसं निजतं, कुणाशेजारी, उशाला काय असतं? प्रश्न सोबतच्या आजीलाही विचारा. बहुतेक घरांत पाळणा तीच सजवते.