पिठाचा कोंबडा

आमच्या परसात सात कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. माझ्या नाहीत. मागच्या दोन खोल्यांत वीस वर्षांपासून राहणाऱ्या बाईंच्या सुनेनं त्या पाळल्यात. जैनाच्या घरामागं कोंबड्या, एवढं वाचूनच ज्यांच्या भुवया वर गेल्या, त्यांनी पुढचंही वाचावं. त्यांच्यासाठीच लिहितेय.

महिनाभरापूर्वी स्वाध्याय संपल्यावर विषय निघाला. कोंबडा पहाटे साडेतीनला आरवतो, गल्लीची झोपमोड होते. एकीनं सुचवलं, सगळंच बंद करायला सांगा. दुसरी जरा शिकलेली. ती म्हणाली, "कोंबड्या राहू द्या हो, फक्त कोंबडा काढायला सांगा. कोंबडा नसला की अंड्यात जीवच नसतो. मग तिलाही पाप नाही, आपल्यालाही नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी ती पोर मागच्या दारात उभी. "अक्का, गल्लीतले बोलायलेत. कोंबडा इकून टाकू का? बाजारात गिऱ्हाईक हाय."

बाजारातलं ते गिऱ्हाईक कोंबडा कशाला घेतं, हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही. मंदिराच्या ओसरीवर आपण 'काढा' म्हणालो. त्या शब्दाचं उरलेलं अर्धं वाक्य सुरीनं पुरं व्हायचं होतं.

आपण लहानपणापासून पाठ केलंय: कृत, कारित, अनुमोदित. स्वतः केलं, करवून घेतलं किंवा होकार दिला, तरी बंध सारखाच. मन, वचन आणि काया या तिन्हींनी. त्या दिवशी आपण वचनानं करवलं आणि मान डोलावून अनुमोदलं. वर आपल्याला वाटलं की आपण अहिंसेची बाजू घेतली.

आणि ही गोष्ट आपल्या मातीतलीच आहे. कागिणा नदीच्या काठचं मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांचं मान्यखेट. दहाव्या शतकात पुष्पदंतानं तिथं बसून अपभ्रंशात 'जसहरचरिउ' लिहिलं. सोमदेवाचं 'यशस्तिलक' 959 मधलं, कन्नडातलं जन्नाचं 'यशोधरचरिते' 1209 चं. कथा एकच. राजा यशोधराला आई म्हणते, देवीला कोंबड्याचा बळी दे. राजाला जीव मारवत नाही, आईचं मनही मोडवत नाही. तेव्हा पिठाचा कोंबडा करून तो कापतात. रक्ताचा थेंब सांडत नाही. तरीही आई आणि मुलगा जन्मामागून जन्म पशुयोनीत फिरतात आणि शेवटी कोंबड्यांच्याच जातीत येतात. ही कथा आपण किती प्रवचनांत ऐकली! पिठाच्या कोंबड्याला इतकं प्रायश्चित्त, आणि परसातल्या जिवंत कोंबड्याला 'काढा'?

आता त्या शिकलेल्या बहिणीच्या मुद्द्याकडे येते. कोंबडी कोंबड्याशिवायही अंडी घालते, हे खरं. त्या अंड्यातून पिल्लू निघत नाही, हेही खरं. पण आज कोंबडा विकला म्हणून उद्याचं अंडं निर्जीव होत नाही. कोंबडीच्या शरीरात त्याचं बीज दोन आठवडे, कधी त्याहून जास्त टिकतं. आणि कोंबडा असताना रोजच्या रोज उचललेल्या अंड्यातही पिल्लू वाढत नाही. त्याला खुडूक कोंबडीची किंवा यंत्राची एकवीस दिवसांची ऊब लागते. म्हणजे हा हिशेब 'कोंबडा हवा की नको' इतका सोपा नाही. मी स्वतः दोन्ही प्रकारची अंडी खात नाही, खाणारही नाही. अंड्याला शाकाहाराचं लेबल लावायची गरज खाणाऱ्यापेक्षा आपल्यालाच जास्त आहे.

दुकानात मिळणारी ती 'शाकाहारी' अंडी मोठ्या लेयर फार्मची असतात. तिथं कोंबडा दिसत नाही. का दिसत नाही? हॅचरीत निघालेल्या पिल्लांतली जवळजवळ निम्मी नर असतात. ती अंडी देणार नाहीत, आणि या जातीच्या अंगावर मांसही फारसं धरत नाही. म्हणून एक दिवसाची असतानाच त्यांना मारून टाकतात. जर्मनीनं 2022 पासून कायदा करून हे बंद केलं. ज्या अंड्याला आपण निष्पाप म्हणतो, त्याचा कोंबडा आधीच मेलेला आहे. आमच्या परसातला निदान पंख फडकावून भिंतीवर चढतो, मुंगूस दिसलं तर ओरडतो, दाणा सापडला की आधी कोंबड्यांना हाक मारतो.

कोणी म्हणेल, कोंबडा ठेवला तर पिल्लं होतील, त्यातलेही निम्मे नर, मग तेही एक दिवस बाजारातच जाणार. जाणार. हे मी नाकारत नाही. याचं स्वच्छ उत्तर माझ्याकडे नाही. पण आपल्या दुधाचं उत्तर तरी कुठं आहे? संकरित गाईचा गोऱ्हा पुढं कुठं जातो, हे आपण गवळ्याला कधी विचारलं? पूजेला नेसतो ते रेशीम कोसल्यातला जीव उकळत्या पाण्यात मारून काढतात, तेव्हा 'काढा' म्हणायला आपण नसतो, पण पदर आपलाच असतो. म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे: संसारात हिंसा पूर्ण टळत नाही, पण निदान ती दुसऱ्याच्या हातून करवून आपण निर्मळ राहिल्याचा आव आणू नये.

मग सगळ्या कोंबड्याच बंद करा? त्या सुनेच्या अंड्यांच्या पैशातून तिच्या मुलीचा कॉलेजचा बसपास निघतो. नवऱ्यापुढं हात न पसरता तिच्या हातात येणारा तेवढाच पैसा. आपल्यातल्या किती जणींकडे तेवढा तरी आहे? मी तिला खोल्या भाड्यानं दिल्या, माझी व्रतं नाही दिली. 2021 च्या डिसेंबरात बिदर, कलबुर्गीसह सात जिल्ह्यांच्या शाळांत मुलांना अंडी देणं सुरू झालं, तेव्हा आपल्या लोकांनी केवढा विरोध केला. न खाणाऱ्याला केळं मिळत होतं. माझ्या मते तेवढं पुरे होतं. आपलं ताट आपण राखावं. दुसऱ्याच्या उपाशी पोराचं ताट हे आपल्या संयमाचं मैदान नव्हे.

मी तिला सांगितलं, "कोंबडा विकू नको. डालगं तेवढं मागच्या भिंतीकडं ने, म्हणजे गल्लीला आवाज कमी जाईल." तिनं नेलं. आवाज अजून येतो, पण कमी.

चातुर्मासात महाराजांच्या आहारासाठी आमच्याकडे दरवर्षी चौका लागायचा. यंदा निरोप आला, परसात कोंबड्या आहेत तोवर तुमच्याकडे नको. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. तीस वर्षं त्या चुलीपुढं मी ओलेत्यानं उभी राहिलेय. निरोप आणणारीला मी एवढंच विचारलं, "कोंबडा कापायला दिला तर चौका लागेल का?"

ती काही बोलली नाही. तुम्ही सांगा.