माणूस म्हणजे कल्हईचे भांडे नव्हे!

घरात कोणी दारूच्या आहारी गेला म्हणजे आपल्याकडे एक ठरलेला क्रम सुरू होतो. आधी नवस, मग शपथा, मग चार वडीलधाऱ्यांसमोर कानउघाडणी. आणि हे सारे उपाय थकले की एके दिवशी त्याला व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन पोचवणे. पैसे भरायचे, कपड्यांची पिशवी हवाली करायची आणि सुटलो म्हणत घरी यायचे. पितळी भांडे कल्हईवाल्याकडे टाकावे आणि चकचकीत झाले की घेऊन यावे, तसा हा व्यवहार! चार महिन्यांत ते पुन्हा काळे पडले की दोष कल्हईवाल्याचा, नाहीतर भांड्याचा. ज्या चुलीवर ते रोज चढते, तिच्याकडे पाहण्याची कोणाची तयारी नसते.

म्हणूनच केंद्रातल्या समुपदेशकाने “घरच्यांनीही यायला हवे” असे म्हणताच मंडळी चमकतात. “पितो तो, आणि आम्ही कशाला?” सवाल सरळ दिसतो, पण तो पळवाटेचा आहे.

मी शाळामास्तर आहे. दारुड्याच्या घरातले मूल मास्तराला ओळखू येते. दारातल्या चपलेच्या आवाजावरून वडील आज कशा अवस्थेत आले आहेत, हे त्या मुलाला कळते. दहा वर्षांचा पोर “बाबांना ताप आहे” असे डोळ्याची पापणी न हलवता सांगतो. ही विद्या त्याला कोणी शिकवली? बापाने नव्हे, साऱ्या घराने मिळून शिकवली. बायको कचेरीत खोटा निरोप धाडते, आई लेकाच्या खिशात गुपचूप नोट सरकवते, भाऊ अब्रूपायी देणी भागवतो. हे सारे मायेपोटीच होते, ह्यात शंका नाही. परंतु त्या मायेने होते एवढेच, की दारूचा चटका पिणाऱ्याला बसत नाही. तो बाकीच्यांना बसतो.

आणि तो सुधारून आला तर? शुद्धीवरच्या माणसाशी कसे वागावे, हेच घर विसरलेले असते! खिसे तपासणे चालूच, तोंडाचा वास घेणे चालूच. पाच मिनिटे उशीर झाला की सारे घर दारात. पगाराचा हिशेब, मुलांची फी, घरातला शब्द ह्यांतले त्याच्या हाती काय परत द्यायचे आणि केव्हा, हे कोणीच ठरवलेले नसते. हे त्याच्या एकट्याच्या डोक्यात शिरून कोणता वैद्य दुरुस्त करणार?

हे काही आजचे शहाणपण नव्हे. अमेरिकेत १९३५ साली ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ची चळवळ सुरू झाली. पिणाऱ्यांच्या सभा होत आणि बायका वाट पाहात बसत. वाट पाहता पाहता त्या एकमेकींशी बोलू लागल्या, आणि आपलेही काही बिघडले आहे हे त्यांना उमगले. त्यातूनच १९५१ साली संस्थापकाची पत्नी लोइस विल्सन हिने एका मैत्रिणीच्या साथीने घरच्यांसाठी ‘अल्-अनॉन’ उभी केली. आपल्या पुण्यात डॉ. अनिता अवचटांनी १९८६ साली ‘मुक्तांगण’ सुरू केले. तिथे व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा वेगळा गट आला. ह्या गटांत बाई येते ती नवऱ्याची तक्रार नोंदवायला नव्हे, आणि त्याची दाई म्हणूनही नव्हे. ती स्वतःसाठी येते.

नेमके हेच आपल्या सोयीस्कर समाजाला ऐकू येत नाही. ‘कुटुंबाचा उपचार’ हे शब्द कानी पडताच सासू सुनेकडे बोट दाखवते: “बघ, डॉक्टरही म्हणतात, घरात सुख नाही म्हणून तो पितो!” खबरदार! व्यसन घरभर पसरते, ह्याचा अर्थ ते घराने लावले असा होत नाही. पेला त्याच्या हातात आहे आणि तो खाली ठेवण्याची जबाबदारीही त्याचीच. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले. तेव्हापासून आपण सिंधूसाठी डोळे पुसत आलो. नवऱ्याला वाचवायला शेवटच्या घटकेलाही फौजदारापुढे खोटे बोलणाऱ्या त्या साध्वीला आपण देव्हाऱ्यात बसवले. तिच्या त्या खोट्याने सुधाकर वाचला का, हे मात्र विचारले नाही. सुनेला ‘तू सांभाळून घे’ म्हणणे हा उपचार नव्हे. ती नवी सिंधू घडवणे आहे.

ह्याच लाचारीतून बायका आमटीत औषध कालवतात. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती त्यांना भुलवतात. डायसल्फिरामसारखे औषध पोटात असताना माणूस प्यायला तर त्याला उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो; जीवही जाऊ शकतो. ते त्याला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायचे असते.

मग एकट्याचा उपचार निरर्थक का? मुळीच नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवले तर झटके येतात, भ्रम होतो. तिथे आधी डॉक्टर हवा, कुटुंबाची बैठक नको. बापासमोर मुलगा जे कधीच बोलणार नाही, बायकोसमोर नवऱ्याच्या ओठावर येणार नाही, ते ओकायला बंद दाराची एक खोली लागतेच. आणि जिथे तो हात उचलतो, तिथे तर नवरा-बायकोला एका बाकावर बसवून ‘मन मोकळे करा’ म्हणणे हा निव्वळ अविचार आहे. तिने खरे सांगितले तर घरी गेल्यावर त्याची किंमत कोण मोजणार? तिथे त्याचा उपचार वेगळा, तिचा वेगळा. आधी तिला आणि पोरांना सुरक्षित छप्पर; त्यासाठीच २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे.

तेव्हा ‘तो एकटा की सारे कुटुंब?’ असा तराजू लावूनच बसू नका. त्याचा उपचार त्याने करायचा आणि घराने घराचा. मारहाणीची भीती नसेल तिथे दोघांनी एका खोलीत यायचे. हे घरासाठी म्हणतो ते त्याच्यावर उपकार म्हणून नव्हे. तो केंद्रात जायला तयार नसला, तरी घरच्यांना कोणी अडवलेले नाही. उलट, पिणारा नकार देत असताना घरच्यांनाच आधी शिकवावे, खोटे निरोप थांबवावेत, तो शुद्धीत असेल तेव्हा त्याच्याशी नीट बोलावे, ही रीत आज जाणकारांत मान्य झाली आहे; त्यामुळे पुष्कळ वेळा तोही उपचाराला तयार होतो.

आणि नाही झाला तयार, तरी काय? दाराशी कान लावून बसलेल्या त्या दहा वर्षांच्या पोराचे बालपण बापाच्या होकारासाठी किती दिवस अडवून ठेवायचे? कचेरीत खोटा निरोप द्यायला आईने नकार दिला, तर ताप नसताना ताप सांगण्याची पाळी त्या पोरावर येणार नाही. बाप सुधारो वा न सुधारो, एवढे तर ह्या दिवाळीपासूनच घराच्या हाती आहे.