तुटलेल्या तारांचा पूर्वपक्ष

स्वमग्न मुलाच्या मेंदूतल्या तारा तुटलेल्या असतात, त्या स्कॅनमध्ये दिसतात, आणि दिसल्या की जोडता येतात. हे तीन दावे हल्ली एका दमात केले जातात. डोक्याला इलेक्ट्रोडची टोपी घालून ‘ब्रेन मॅपिंग’ करून देणारी केंद्रं मुंबई-पुण्यातही आहेत. लाल-निळ्या ठिपक्यांचा रंगीत अहवाल हातात पडतो आणि पाठोपाठ सत्रांचं पॅकेज. पालकाने शंका काढलीच, तर परदेशी विद्यापीठाचं नाव पुढे करता येतं.

खंडन करायचं तर पूर्वपक्ष आधी पूर्ण ताकदीनिशी मांडावा, ही आपल्या शास्त्रार्थाची जुनी शिस्त. तर हा पूर्वपक्ष हवेतून आलेला नाही. १९९५ मध्ये भरत बिस्वाल यांनी दाखवलं की स्कॅनरमध्ये माणूस नुसता पडून असतानाही मेंदूच्या डाव्या-उजव्या बाजूंचे हालचालींशी संबंधित भाग एका तालात चढ-उतार करत असतात. कोण कोणाबरोबर चढतो-उतरतो हे पाहिलं की मेंदूतली जाळी उलगडू लागतात. पुढे २००४ मध्ये मार्सेल जस्ट आणि सहकाऱ्यांना असं आढळलं, की वाक्य समजून घेताना स्वमग्न प्रौढांच्या मेंदूतल्या भाषेच्या केंद्रांमधला ताळमेळ इतरांपेक्षा कमी असतो. तुटलेल्या तारांच्या कल्पनेला बळ मिळालं ते इथून.

मग आला २०१३ चा अभ्यास, लुसिना उद्दीन, विनोद मेनन आणि त्यांच्या स्टॅनफर्डमधल्या सहकाऱ्यांचा. ७ ते १२ वर्षांची २० स्वमग्न मुलं आणि तितकीच इतर मुलं. मेंदूतल्या ‘सेलिअन्स नेटवर्क’च्या, म्हणजे आत्ता कशाकडे लक्ष द्यायला हवं हे हेरणाऱ्या जाळ्याच्या नकाशांवरून संगणकाने कोण स्वमग्न आणि कोण नाही हे ७८ टक्के अचूक ओळखलं. वेगळ्या मुलांवर ताडून पाहिलं तर ८३ टक्के. स्कॅनमध्ये स्वमग्नता दिसते म्हणणाऱ्याला याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही.

आता याच साक्षीदाराची उलटतपासणी करू. त्या ७८ टक्क्यांची फोड अशी: स्वमग्न मुलांपैकी ७५ टक्के ओळखली गेली, इतरांपैकी ८० टक्के बरोबर वगळली गेली. हेच यंत्र १००० मुलांच्या शाळेत नेलं, आणि शंभरात साधारण एक मूल स्वमग्न असं धरलं, तर शाळेतल्या १० स्वमग्न मुलांपैकी सात-आठ सापडतील. उरलेल्या ९९० पैकी १९८ मुलांवर मात्र हकनाक शिक्का बसेल. म्हणजे खऱ्या सापडलेल्या एकेका मुलामागे पंचवीसहून अधिक चुकीचे शिक्के. यावर कोणी म्हणेल, अख्खी शाळा कोण स्कॅन करतं, शंका असलेली मुलंच तर येतात. बरोबर. पण ती शंका आई, आजी किंवा बालवाडीच्या बाई मुलाकडे पाहूनच घेतात. म्हणजे निम्मं काम स्कॅनच्या आधीच झालेलं असतं. उरलेलं निम्मं, म्हणजे हे मूल स्वमग्न आहे, की बोलायला उशीर झालाय, की अतिचंचल आहे, की बौद्धिक वाढ मंद आहे, हे ठरवणं. त्या अभ्यासात तुलना होती ती नेहमीसारख्या वाढीच्या मुलांशी. डॉक्टरसमोरचा खरा पेच तिथे सोडवलेला नाही, आणि सोडवल्याचा दावा संशोधकांनी केलेलाही नाही. दावा करतात ते दुकानदार. त्यातही गंमत अशी की स्टॅनफर्डचं काम एमआरआयवरचं आणि दुकानातली टोपी ईईजीची. दाखला एका यंत्राचा, बिल दुसऱ्याचं.

चाळीस मुलांवर चालणारं गणित हजारावर कितपत टिकतं? त्याच २०१३ मध्ये १६ केंद्रांवरचे ९६४ जणांचे स्कॅन एकत्र करून वर्गीकरण करून पाहिलं गेलं, तेव्हा अचूकता ६० टक्क्यांवर आली. नाणं उडवलं तर ५० मिळते. नंतरच्या वर्षांत अधिक हुशार गणिती पद्धती आल्या आणि आकडा सत्तरीकडे सरकला. निदान त्यावर सोपवावं इतका तो अजून नाही.

प्रतिपक्षाकडे एक हुकमी पान आहे, तेही लपवू नये. २०१७ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ५९ तान्ह्या बाळांचे सहाव्या महिन्यात, झोपेत, स्कॅन झाले होते. पुढे त्यांतल्या ११ जणांत स्वमग्नतेचं निदान झालं. सहाव्या महिन्यातल्या स्कॅनवरूनच संगणकाने त्यांतली नऊ बाळं ओळखली आणि उरलेल्या ४८ पैकी एकालाही चुकीचं गोवलं नाही. थक्क करणारा निकाल आहे. मात्र ही सगळी स्वमग्न मुलांची धाकटी भावंडं होती, म्हणजे मुळातच जोखमीतली. अशा घरांसाठी उद्या हे तंत्र वरदान ठरू शकेल. पण अकरांतल्या नऊवरून कोणी गावभर तपासणीचा बोर्ड लावला, तर ते संशोधन उरत नाही.

सर्वांत मोठी फजिती झाली ती हालचालीने. स्वमग्न मेंदूत दूरदूरच्या भागांचे संबंध क्षीण आणि जवळजवळच्या भागांचे दाट असतात, असं सूत्र मांडलं जात होतं. २०१२ मध्ये जोनाथन पॉवर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की स्कॅनरमध्ये डोकं मिलिमीटरभर, कधी त्याहूनही कमी हललं तरी नेमकी हीच नक्षी उमटते, मग डोकं कोणाचंही असो. घणघण वाजणाऱ्या त्या बोगद्यात मूल स्थिर पडून राहणार किती? त्यातही आवाजाने, स्पर्शाने कासावीस होणारं मूल? काही काळ विज्ञान मेंदूचा फरक म्हणून चुळबुळच मोजत होतं की काय, असा प्रश्न उभा राहिला. श्रेय द्यायचं ते याचं, की तो प्रश्न याच क्षेत्रातल्या लोकांनी विचारला आणि मग जुने आकडे नव्याने तपासले. तरीही एक उणीव शिल्लक आहे. स्कॅनरमध्ये निपचित पडू शकतात ती बहुतेक बोलणारी, बऱ्यापैकी बुद्ध्यांकाची मुलं, आणि त्यांतही मुलगे जास्त. ज्यांना शब्द फुटत नाहीत, ज्यांचे आईबाप सर्वाधिक हवालदिल असतात, ती मुलं या नकाशांत जवळपास नाहीतच.

मग तारा तुटलेल्या असतात या मूळ दाव्याचं काय? तो मोडला तो उद्दीन-मेनन यांच्याच कंपूने. कौस्तुभ सुपेकर यांच्या २०१३ च्या अभ्यासात स्वमग्न बालकांच्या मेंदूतले संबंध कमी नव्हे, तर जास्त आढळले. उद्दीन यांचं म्हणणं असं की मुलांत जास्त आणि प्रौढांत कमी, या दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. मधे वाढ असते, पौगंडावस्था असते, आणि प्रौढांवरचे निष्कर्ष मुलांना चिकटवणं हीच चूक होती. तुटलेली तार वयाप्रमाणे कमी-जास्त होत नाही. वाढणारा मेंदू होतो. आणि तुटलेलंच नाही ते जोडणार काय? जोडून देतो म्हणत स्टेमसेलची सुई टोचणाऱ्यांबद्दल तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीने डिसेंबर २०२२ मध्येच सांगितलं आहे, की स्वमग्नतेवर त्या उपचाराची शिफारस करता येत नाही.

इथवर वाचून एक दुसरा पक्ष खूश होईल. त्याचं म्हणणं: मेंदूची ही चिरफाड हवी कशाला, मूल आहे तसं स्वीकारा. स्वीकार हवाच. पण मेंदूकडे पाठ फिरवली की दोष कोणाच्या माथी जातो ते इतिहासाने दाखवलं आहे. १९६७ मध्ये ब्रुनो बेटेलहाइम यांनी आख्खं पुस्तक लिहून थंड, निष्प्रेम आयांवर ठपका ठेवला आणि एका पिढीने तो खरा मानला. १९७७ च्या फोलस्टाइन-रटर यांच्या जुळ्यांच्या अभ्यासाने आनुवंशिकतेचा पुरावा आणला, तेव्हा कुठे त्या आरोपाचा पाया खचला. आपल्याकडे आज तोच ठपका नव्या कपड्यांत फिरतो: आई नोकरी करते, मोबाइल हातात देते, म्हणून मूल असं झालं. ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ असं भारदस्त नावही त्याला मिळालंय. कुठल्याही मान्य निदानसूचीत ते नाही. स्वमग्नता ही मेंदूच्या घडणीतली गोष्ट आहे हे ठामपणे म्हणायचं, तर मेंदूचा अभ्यास टाकून कसं चालेल?

या संशोधनाचं मला वाटतं ते मोल निदानात नाही, उलगड्यात आहे. मेनन-उद्दीन यांनी २०१० मध्ये मांडलेल्या प्रारूपात इन्सुला या मेंदूतल्या भागाच्या पुढच्या बाजूकडे एक विशेष काम आहे: मन आपल्यातच रमलेलं असतानाचं जाळं आणि समोरच्या कामात गुंततानाचं जाळं यांच्यात सांधे बदलण्याचं. आपण दिवसातून शेकडो वेळा असे रूळ बदलतो आणि पत्ताही लागत नाही. २०१५ च्या त्यांच्या अभ्यासात स्वमग्न मुलांच्या मेंदूत विश्रांतीची अवस्था आणि कामाची अवस्था यांतला फरक इतरांपेक्षा कमी दिसला. आणि तो जितका कमी, तितका वागण्यातला तोच-तोपणा, अडून बसणं जास्त. गणिताचा तास संपून चित्रकलेचा सुरू झाला की आकांत करणाऱ्या मुलाकडे हट्टी म्हणून पाहायचं, की त्याला एका कामातून दुसऱ्यात जायला जास्त वेळ आणि आगाऊ सूचना लागते असं पाहायचं, याचं एक सबळ कारण इथे मिळतं. गटाच्या सरासरीवरून एका मुलाचं भाकीत करू नये, हे मी वर सांगितलंच. पण शाळेचं वेळापत्रकही गटासाठीच असतं. दहा मिनिटं आधी दिलेल्या सूचनेला स्कॅनचा खर्च नाही.

मेनन यांच्याच प्रयोगशाळेतून २०१४ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली: गणितात सरस ठरलेल्या स्वमग्न मुलांच्या मेंदूत उदाहरणं सोडवताना वेगळी मांडणी दिसली, आणि तिचं नातं कमतरतेशी नव्हे, तर त्यांच्या गणिती क्षमतेशी होतं. तारांच्या दुकानात या अभ्यासाचा उल्लेख सहसा ऐकू येत नाही. बिघाड नाही तिथे दुरुस्तीचं पॅकेज विकता येत नाही.

निदानाचा रस्ता आपल्याकडे आखलेलाच आहे. १९९५ च्या अपंगत्वाच्या कायद्यात स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत ती आली. प्रमाणपत्रासाठी वापरतात ती ‘आयसा’ (ISAA) ही स्वमग्नता मोजण्याची भारतीय प्रश्नावली: ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, ७० पासून पुढे स्वमग्नता. जाणकाराने मुलासोबत बसायचं, खेळायचं, पाहायचं, आईवडिलांना विचारायचं. तिच्यात उणिवा असतील; लहान गावांत ती भरून देणारा जाणकार मिळत नाही, ही तर मोठीच उणीव. रंगीत अहवालावर जाणारे हजारो रुपये आणि त्यात वाया जाणारे महिने या उणिवेकडे वळले, तर मेनन-उद्दीन या जोडगोळीची त्याला हरकत असण्याचं काही कारण दिसत नाही.