बिनखुणेचे सैनिक

सैनिकाच्या गणवेशावरील बिल्ला ही शोभेची वस्तू नव्हे. ती त्याच्या राष्ट्राची सही होय. ती खूण अंगावर असली म्हणजे त्याच्या प्रत्येक गोळीचा जाब त्याच्या सरकारला विचारता येतो. म्हणूनच १९०७ च्या हेग नियमावलीने स्वयंसेवक पथकांनाही दुरून ओळखू येईल असे चिन्ह बाळगण्याची अट घातली. नियमित सैन्याच्या बाबतीत ते गृहीतच धरले होते. आघाडीवरील अधिकारी शत्रूच्या नेमबाजापासून बचावासाठी पदचिन्हे झाकतो, ही गोष्ट वेगळी. तो आपला हुद्दा लपवितो, राष्ट्र लपवीत नाही.

२७ फेब्रुवारी २०१४ रोजी क्रीमियातील सिंफेरोपोल येथील विधानभवन ज्या सशस्त्र लोकांनी बळकावले, त्यांच्या अंगावर कोणत्याच देशाची खूण नव्हती. ही स्थानिक स्वसंरक्षण पथके असून असे गणवेश दुकानांतही मिळतात, असे ४ मार्चला अध्यक्ष पुतिन यांनी सांगितले. १८ मार्चला क्रीमिया रशियात सामील करून घेण्याच्या करारावर सह्या झाल्या. त्या पथकांच्या पाठीशी रशियन सैनिक होते, ही कबुली त्यांनीच १७ एप्रिलला दिली! तारखांचा हा क्रम पुरेसा बोलका आहे. असत्य कायमचे टिकावे, अशी अपेक्षाच नव्हती. जाब कोणाला विचारावा या घोळात जग जितके दिवस घालवील, तितकेच हवे होते.

हा डाव आपणांस अपरिचित नाही. १९९९ साली कारगिलच्या शिखरांवरील घुसखोर मुजाहिदीन आहेत, असे पाकिस्तान सांगत राहिला. वस्तुतः त्यांत नॉर्दर्न लाइट इन्फन्ट्रीचे जवान होते. स्वतःचे सरकार ज्यांना आपले म्हणावयास तयार नव्हते, अशा मृतांचे दफन भारतीय जवानांनी केले. पाकिस्तानी सैन्याने आपल्या मृतांची ४५३ नावे प्रसिद्ध केली ती २०१० साली, अकरा वर्षांनी!

आमच्या मते या नीतीचे खरे मोल सैनिकच मोजतो. पकडला गेल्यास युद्धकैद्याचे संरक्षण वादात सापडावे, आणि पडल्यास घरी नावही पोहोचू नये, हे त्याचे प्राक्तन. म्हणून राष्ट्रांनी बिल्ल्याची वाट पाहू नये. शस्त्रे, वाहने, शिस्त आणि रसद यांवरूनही धनी ओळखता येतो. जाब त्यालाच आणि त्याच दिवशी विचारला पाहिजे. ज्या सरकारला आपल्या सैनिकाच्या अंगावरील स्वतःची खूण अडचणीची वाटते, त्याने त्याला मरणाच्या तोंडी धाडण्याचा अधिकारही गमावला आहे.