मशिन तळेगावचं, सील कुणाचं?

सप्टेंबर २०२२ आठवतोय? वेदांता-फॉक्सकॉनचा १ लाख ५४ हजार कोटींचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावला येणार, अशी चर्चा होती. तो गुजरातला गेला आणि मावळात आंदोलनं झाली. पुढे जुलै २०२३मध्ये फॉक्सकॉननेच वेदांताची साथ सोडली. त्याआधी, डिसेंबर २०२०मध्ये, तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातलं उत्पादन थांबलं होतं. आज तोच कारखाना ह्युंदाईकडे आहे.

या सगळ्या बातम्यांमध्ये आपण एकच प्रश्न विचारतो: प्रकल्प आला की गेला? पण आलेल्या प्रकल्पातलं नेमकं कोणतं काम इथे होतं, हे कुणी विचारत नाही. तुम्ही घोरावाडीला लोकल पकडून आकुर्डीच्या कॉलेजला जात असाल किंवा पुण्याहून तळेगावच्या कॉलेजला येत असाल, तुमची पहिली नोकरी कशी असेल हे या दुसऱ्या प्रश्नावर ठरणार आहे. तो समजून घ्यायला मशिनमधला एक छोटा भाग पुरेसा आहे. त्याचं नाव शाफ्ट सील.

दोरीपासून सीलपर्यंत

कुकरची रिंग तुम्हाला माहीत आहे. झाकण स्थिर, भांडं स्थिर, मध्ये रबर दाबलं की वाफ अडते. पण झाकणातून एक दांडा आत जात असेल आणि तो गरागरा फिरत असेल तर? पंप आणि कॉम्प्रेसरमध्ये नेमकं हेच असतं. शेतातल्या जुन्या पंपात शाफ्टभोवती ग्लँडची दोरी भरतात. तिथून थेंब थेंब पाणी गळतं आणि ते गळायलाच हवं, नाहीतर दोरी जळते. पाणी आहे, गळलं तरी चालतं.

त्यापुढची पायरी म्हणजे मेकॅनिकल सील. दोन गुळगुळीत रिंगा समोरासमोर ठेवायच्या. एक शाफ्टबरोबर फिरते, दुसरी जागेवर राहते आणि स्प्रिंग त्यांना एकमेकींवर दाबते. मधली पाण्याची किंवा तेलाची पातळ फिल्म वंगणाचं काम करते.

आता पाण्याच्या जागी वायू आणा. वायूला वंगणाचा गुण जवळजवळ नाही. त्यात कॉम्प्रेसरचा शाफ्ट मिनिटाला १० हजार फेरेही घेऊ शकतो. २०० मिलिमीटर व्यासाची रिंग या वेगाने फिरली, तर तिची कड ताशी सुमारे ३७५ किलोमीटरने धावते. कोरड्या रिंगा अशा घासल्या तर त्या लगेच तापतील आणि फुटतील.

म्हणून पूर्वी अशा ठिकाणी दाबाखालचं तेल वापरायचे. वायू अडायचा, पण तो तेलात विरघळायचा आणि पुढे तेल साफ करताना हवेत सोडला जायचा. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने दिलेल्या आकड्यांनुसार अशा तेलाच्या सीलमधून मिनिटाला साधारण ११०० ते ५६०० लिटर वायू बाहेर पडतो. कोरड्या सीलमध्ये हेच प्रमाण १७० लिटरच्या आत राहतं. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. वीस वर्षांचा हिशोब धरला तर तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा ८० पटींहून जास्त तापमानवाढ करतो. म्हणजे हा फक्त मशिनचा विषय उरत नाही.

खाचांची करामत

हा कोरडा सील, म्हणजे ड्राय गॅस सील, १९७०च्या दशकात पाइपलाइनच्या कॉम्प्रेसरवर यायला लागला. रॅल्फ गॅब्रिएल यांनी १९७९मध्ये त्यामागचं शास्त्र मांडणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. युक्ती ऐकायला सोपी आहे. फिरणाऱ्या रिंगेच्या तोंडावर वळणदार खाचा कोरायच्या, खोली फक्त काही मायक्रॉन. रिंग फिरली की खाचा वायूला आत ओढतात आणि त्याच्यावर दाब आणतात. तोच दाब दोन रिंगांना एकमेकींपासून दूर ठेवतो. फट उरते ३ ते ५ मायक्रॉनची. तुमचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.

सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे ही फट स्वतःला सांभाळते. ती कमी झाली की दाब वाढतो आणि रिंगा दूर जातात. ती वाढली की दाब पडतो आणि स्प्रिंग रिंगांना परत जवळ आणते.

मग अवघड काय आहे? गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली तर गळती आठपट! इकडे दाबाने आणि उष्णतेने रिंग स्वतःच काही मायक्रॉन वाकते. वायूत तेलाचा थेंब किंवा धुळीचा कण आला तर सील खलास. त्यामुळे सीलला द्यायचा वायू गाळायचा, गरम ठेवायचा, बेअरिंगच्या बाजूने नायट्रोजनचा पडदा धरायचा, अशी अख्खी यंत्रणा लागते. फ्लुइड मेकॅनिक्स, हीट ट्रान्सफर, मटेरियल, कंट्रोल हे तुमचे चार वेगवेगळे पेपर इथे एकाच भागात भेटतात.

आता का बोलायचं?

कारण वायूचं काम आपल्या दारात आलंय. तुमच्या स्टेशनबाहेरच्या रिक्षा सीएनजीवर चालतात. सीएनजी पंपावरचा कॉम्प्रेसर पिस्टनचा असतो, त्याचं पॅकिंग वेगळं. पण लांब पल्ल्याच्या पाइपलाइनवर आणि खत कारखान्यांत मोठे फिरते कॉम्प्रेसर असतात आणि तिथे ड्राय गॅस सील लागतात.

त्यात हायड्रोजनची भर पडतेय. जानेवारी २०२३मध्ये केंद्राने १९,७४४ कोटींचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं. त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्राने ८,५६२ कोटींच्या तरतुदीचं स्वतःचं धोरण आणलं. हायड्रोजनचा रेणू सगळ्यात लहान आणि वायूचा चिकटपणा हवेच्या निम्म्याच्या आसपास. हवेत त्याचं प्रमाण ४ ते ७५ टक्क्यांमध्ये कितीही असलं तरी तो पेट घेऊ शकतो. म्हणजे फट आणखी नेमकी हवी आणि चुकीला जागा आणखी कमी.

आणि आपला पट्टा? हडपसरची किर्लोस्कर न्यूमॅटिक १९५८पासून आहे. अ‍ॅटलास कॉप्को दापोडीत जुनी आहे आणि २०२२मध्ये तिने तळेगावात हवा आणि वायूंच्या कॉम्प्रेसरचा नवा कारखाना जाहीर केला. सील बनवणारी जर्मन-जपानी ईगलबर्गमन शिरवळ परिसरात आहे. म्हणजे मशिन इथे, सीलवाले इथे, कॉलेजं इथे. तरी या क्षेत्रातली मोठी नावं आणि त्यांचं मूळ डिझाइन बहुतांशी परदेशातलंच आहे.

आपली पोरं कमी पडतात म्हणून हे होतं, असं समजू नका. कारण विश्वासाचं आहे. खत कारखान्यात एक सील गेला की अख्खा प्लांट थांबतो. सीलची किंमत त्या नुकसानापुढे किरकोळ. मग खरेदी करणारा अधिकारी नव्या नावावर जोखीम घेईल कशाला? तो जुनंच नाव घेतो. नव्याला संधी नाही म्हणून अनुभव नाही, आणि अनुभव नाही म्हणून संधी नाही. फ्रेशरच्या जाहिरातीत दोन वर्षांचा अनुभव मागतात ना, तसंच.

हा फास घोषणांनी सुटत नाही, चाचणीने सुटतो. कुणीही आपला सील आणून शेकडो तास चालवून दाखवू शकेल आणि त्याचा निकाल खरेदीदार मानेल, अशी सामायिक चाचणी सोय हवी. भारताचा संशोधनावरचा खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्क्यांच्या आसपास आहे. जुलै २०२५मध्ये केंद्राने खासगी संशोधनाला बळ द्यायला १ लाख कोटींची योजना मंजूर केली. त्यातले पैसे फक्त चमकदार विषयांकडे गेले, तर अशा न दिसणाऱ्या भागांना पुन्हा काही मिळणार नाही.

तुमच्या हातात काय?

बरंच काही. फटीतला दाब काढायचं समीकरण ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८६मध्येच दिलंय. ते तुमच्या लॅपटॉपवर पायथनमध्ये सुटतं. खाचांची संख्या, कोन आणि खोली बदलून गळती किती बदलते, हा फायनल इयरचा चांगला प्रोजेक्ट आहे. शेवटच्या क्षणी विकत आणलेल्या मॉडेलपेक्षा नक्कीच चांगला. आयटीआय आणि डिप्लोमावाल्यांनो, रिंगेचा पृष्ठभाग मायक्रॉनच्या आत सपाट करणं म्हणजे लॅपिंग. ते हाताला यायला वेळ लागतो आणि आलं की त्याला मागणी असते.

पुढच्या इंडस्ट्रियल व्हिजिटला नुसते सेल्फी काढून परत येऊ नका. तीन प्रश्न विचारा. या मशिनमधला सील कुठून येतो? बिघडला तर दुरुस्तीला कुठे जातो? आणि त्याचं ड्रॉइंग बदलायचा अधिकार या इमारतीत कुणाकडे आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘कुणाकडेच नाही’ असं आलं, तर तिथे जोडणीची नोकरी आहे, डिझाइनची नाही. पगार मिळेल, शिकायलाही मिळेल. पण कंपनीने उद्या बस्तान हलवलं, तर डिझाइनचं ज्ञान तिच्याबरोबर जाईल. ते इथल्या माणसांच्या डोक्यात असेल, तरच मागे राहील.