नळी तापते, हात भाजत नाही

होस्टेलवर परवा लॅनवर वॉर गेम रंगला होता. रूममेट म्हणाला, "नळीतनं धूर बघ, काय रिअल आहे!" धूर मस्तच होता. पण हात कुणाचा भाजला?

ठाण्याहून कोकणात जाताना माणगाव लागतं. त्याच तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फंट्री. १० जुलै १९४४, इटली. मशीनगनच्या माऱ्यात त्यांची अख्खी तुकडी पडली. ते एकटेच धावले. ग्रेनेड टाकला, टॉमी गन चालवली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून तीच गन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना मारलं. नुकतीच झाडलेली नळी! (हीट ट्रान्सफरचं गणित करून बघा.) मग स्नायपरनी त्यांना टिपलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, मरणोत्तर.

आपण मात्र 'आर' दाबून निवांत रीलोड करतो. 'रेड ऑर्केस्ट्रा'मध्ये २००६ सालीच मशीनगनची तापलेली नळी बदलावी लागायची. मला तसलाच गेम हवा, धूर थोडा कमी असला तरी चालेल.